दोन रुमालांचे बिवलकर

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, आणि जे बसले असतील त्यांनी उभे राहून ऐकावे अशी विनंती आहे, की वाशीतल्या आमच्या सोसायटीच्या बी विंगमधले, दुसऱ्या मजल्यावरचे, माझ्या समोरच्या दाराचे श्री. दत्तात्रय विष्णू बिवलकर यांना या देशाची किळस आली होती. तुम्हाआम्हाला येते तशी नाक मुरडून दोन मिनिटांत जाणारी नव्हे. कायमची. आणि त्यावर उपाय म्हणून त्यांनी देश बदलायचं ठरवलं होतं.

हे मी पदरचं सांगत नाही. नव्वदच्या दशकातल्या एका रविवारी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, टाकी धुण्याची सूचना आणि गणपतीच्या वर्गणीचं आवाहन यांच्या मधोमध, टाइप केलेला एक कागद झळकला. "मी सपत्नीक परदेशी स्थायिक होण्याच्या प्रयत्नात आहे. त्यास काही अवधी लागेल. तोपर्यंत कृपया जिन्यात थुंकू नये. त्यानंतर आपापल्या आवडीप्रमाणे करावे. द. वि. बिवलकर."

सोसायटी हसली. मी मात्र आनंदाने जिना चढून त्यांची बेल वाजवली, कारण मला हा माणूस फार आवडायचा. आपण दिवसभरात जी घाण बघतो आणि न बघितल्यासारखी करून गिळतो, ती बिवलकर गिळत नसत. ते तिचं वर्णन करत. आणि काय वर्णन करत! तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात ते परचेस मॅनेजर होते. कारखान्यामागचा नाला कुठल्या दिवशी लाल आणि कुठल्या दिवशी हिरवा वाहतो, हे त्यांच्या तोंडून ऐकताना मी जेवण थांबवलेलं आहे. ओहोटीला खाडी उघडी पडली आणि तो ओला, कुजका वारा इमारतीत शिरला की समोरच्या घरातून खिडक्या बंद होण्याचे आवाज एकामागून एक येत. मग दार उघडून बिवलकर माझ्याकडे येत आणि कळवळून म्हणत, "गुप्ते, आला वास? आज मेलेल्या खेकड्याचा आहे. कालचा निदान जिवंत चिखलाचा तरी होता."

त्यांचं नाक लांब वगैरे नव्हतं, पण ते त्यांच्या पुढे चार पावलं चालायचं. अंगाने सडपातळ, शर्ट नेहमी पांढरा, आणि पँटच्या दोन खिशांत दोन रुमाल. डावीकडचा पांढरा, उजवीकडचा निळ्या काठाचा. ओळख झाली त्या दिवशीच त्यांनी मला ते दोन्ही काढून दाखवले होते. "हा माझा. आणि हा देशाचा." स्वतःचा घाम ते पांढऱ्याने पुसत. दाराच्या कड्या, बसचे दांडे, बँकेतलं दोरीला बांधलेलं पेन, असल्या राष्ट्रीय मालमत्तेला ते निळ्या काठाच्या रुमालातून हात लावत. दारावरची बेल ते किल्लीच्या टोकाने दाबत. जिन्याच्या कठड्याला त्यांचा स्पर्श झालेला कुणी पाहिला नव्हता.

लोकांकडे चहा घ्यायची वेळ आली तर ते कप डाव्या हातात धरत. मी विचारलं तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं. "सगळं जग उजव्या हाताने कप धरतं. म्हणजे सगळ्या जगाचे ओठ एकाच काठाला लागतात. डाव्या हाताने धरला की आपल्याला कोरा काठ मिळतो." तेव्हापासून मी उपाहारगृहात चहा पिताना कपाकडे बघतो. हे त्यांचं माझ्यावरचं कायमचं ऋण आहे.

त्यांच्या किळसेला पायऱ्या होत्या. पहिली 'गलिच्छ'. दुसरी 'ओंगळ'. त्याच्या वर 'शी!', आणि हा शब्द ते जपून, सणासुदीला वापरावा तसा वापरत. सर्वांत वरच्या पायरीला शब्दच नव्हता. तिथे पोचल्यावर बिवलकर फक्त डोळे मिटून घेत.

डोळे मिटलेले मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते टाइल्सच्या प्रकरणात. आमच्या जिन्याच्या कोपऱ्यांत लोक पान खाऊन थुंकायचे. कमिटीने उपाय काढला. प्रत्येक कोपऱ्यात देवांची चित्रं असलेल्या टाइल्स बसवल्या. गणपती, साईबाबा, क्रूस, मक्का, कुणाला तक्रारीला जागा नको म्हणून सगळे. सभेत टाळ्या पडल्या. बिवलकर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही देवाला थुंकदाणीवर वॉचमन नेमलात. पगारही द्यायचा नाही." सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, टेन्शन नका घेऊ. देव बघून कोण थुंकेल?" आठ-दहा दिवस कुणी थुंकलं नाही. मग एका सकाळी गणपतीच्या टाइलच्या बरोब्बर शेजारी, एक वीतभर अंतर सोडून, ताजी लाल पिचकारी होती. बिवलकर तिच्यासमोर बराच वेळ उभे होते. मी खाली उतरत होतो. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि तसेच म्हणाले, "नेम बघा गुप्ते. देवाला एक थेंब लागू दिला नाही. श्रद्धा आहे हो!"

मला वाटतं, देश सोडायचा निर्णय तिथेच झाला.

आता त्यांच्या पत्नीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्या हातांवर उभं आहे. मालतीबाई फिजिओथेरपिस्ट. सेक्टर सतरामध्ये एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचा छोटा दवाखाना होता. ठेंगण्या, रुंद तळव्यांच्या, कमी बोलणाऱ्या. दिवसभर त्या लोकांचे खांदे, गुडघे आणि मुख्यत्वे पाय धरत. आणि संध्याकाळी घरी आल्या की दार उघडण्याआधी बिवलकरांचा आवाज येई, "हात!" दाराबाहेर, जिन्यातच, एक बादली, तांब्या आणि औषधी साबणाची वडी ठेवलेली असे. मालतीबाई चपला काढून, कोपरापर्यंत हात धुऊन, ते दाखवून मगच आत जात. लग्न झाल्यापासून असंच चाललं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं, तेव्हा त्या घरात हात धुऊन यायला तेवढ्या एकट्याच होत्या. बिवलकरांनी त्यांच्या दवाखान्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. "तळपाय," ते मला एकदा म्हणाले होते, "म्हणजे माणसाने जगात जिथे जिथे पाय ठेवला त्या सगळ्याचा गोषवारा. तो ही मांडीवर घेते."

परदेशाला मालतीबाईंचा विरोध नव्हता. माझ्या बायकोला त्या म्हणाल्या, "मला कुठेही चालेल. पाय सगळीकडे असतात."

मग देश निवडणं सुरू झालं. रविवारी सकाळी बिवलकर पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन माझ्या गॅलरीत बसत आणि मी, म्हणजे संपूर्ण प्रेक्षागृह, समोर बसे. एकेक देश रंगमंचावर येई आणि घाण होऊन परत जाई.

न्यूझीलंड पहिल्याच रविवारी गेलं. "माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. तुम्ही मेंढी मागच्या बाजूने पाहिली आहे का, गुप्ते?" अमेरिकेचा रस्ता तेव्हा संगणकातून जायचा. कारखान्यातल्या दोघातिघांनी संध्याकाळचे क्लास लावले होते. बिवलकरही एक दिवस जाऊन आले. कीबोर्डच्या कळांच्या फटींत त्यांना भेळेचा चुरा दिसला. त्यांनी निळ्या काठाच्या रुमालातून दोन अक्षरं टाइप केली आणि अमेरिका सोडली.

ऑस्ट्रेलिया मात्र सोपं होतं. मालतीबाईंचा सख्खा भाऊ अरविंद तिकडे स्थायिक होता. नातेवाईक पाठीशी उभा राहिला तर अर्जाला जोर येतो, असा एक वेगळा मार्ग असतो. अरविंद दिवाळीला आला होता आणि मेव्हण्यासाठी काहीही करायला तयार होता. तो सोफ्यावर बसला, कागद मांडीवर घेतले आणि पान उलटायला बोट जिभेला लावलं. मी बिवलकरांकडे बघत होतो. प्रत्येक पानाला जीभ. सहीच्या पानाला तर दोनदा, कारण ते चिकटलं होतं. "भाऊजी, इथे तुमची सही," म्हणून अरविंदने ते ओल्या कोपऱ्याचं पान पुढे केलं. बिवलकरांनी डोळे मिटले. अरविंद गेल्यावर ते म्हणाले, "गुप्ते, त्याच्या थुंकीवर मी स्थलांतर करू? मग आपला जिना काय वाईट होता?"

उरला कॅनडा. तो जिंकला त्याचं कारण ऐका. "तिकडे सहा महिने बर्फ असतं. घाण तिकडेही होत असेल, मी वेडा नाही. पण गोठते. गोठलेल्या वस्तूला वास नसतो." असा देश कुणी निवडलेला माझ्या ऐकिवात नाही.

कॅनडाला गुणांची पद्धत होती. शिक्षणाला इतके, वयाला इतके, भाषेला इतके, धंद्याला इतके. परीक्षेसारखी बेरीज व्हायची. बिवलकर खुशीत होते, कारण परीक्षेत ते कधी मागे पडले नव्हते. त्यांनी बेलापूरला एका सल्लागाराची वेळ घेतली आणि मला बरोबर नेलं. सल्लागार तरुण, गोरागोमटा, केसांना भरपूर तेल लावलेला. तेलाचा डाग खुर्चीच्या पाठीवर होता. बिवलकर खुर्चीच्या पुढच्या चार बोटांवर बसले.

सल्लागाराने बेरीज केली आणि पेन्सिल खाली ठेवली. "साहेब, तुमच्या धंद्याला तिकडे मागणी नाही. परचेस मॅनेजरला शून्य. आणि धंद्यात शून्य आलं की बाकीचे कितीही येऊ देत, अर्ज बाद."

"शून्य?" बिवलकर म्हणाले. तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच स्वतःबद्दल ऐकला होता.

"मिसेस काय करतात?"

"ती... ती लोकांचे पाय धरते."

मी मधे पडून समजावलं. सल्लागाराचा चेहरा उजळला. "फिजिओथेरपिस्ट! मग प्रश्नच नाही. तिकडे त्यांना प्रचंड मागणी आहे. अर्ज त्यांच्या नावाने टाका. त्या मुख्य अर्जदार. तुम्ही त्यांच्यावर अवलंबून असलेले म्हणून सोबत. फक्त उशीर नका करू, त्यांच्या पुढच्या वाढदिवसानंतर वयाचे गुण कापले जातील. आणि मुलाखतीला दोघांना बोलावतात. बायको काय काम करते हे नवऱ्याला नीट सांगता आलं पाहिजे. नाहीतर त्यांना वाटतं, कागदावरचंच काम आहे."

परत येताना बसमध्ये बिवलकर दांडा न धरता उभे होते. बस वळली की ते वळत. सानपाड्यापर्यंत हे चाललं. मग म्हणाले, "म्हणजे जगातल्या सगळ्यात स्वच्छ देशात जायचा माझा रस्ता लोकांच्या टाचांवरून जातो."

मालतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझी हरकत नाही. पण मुलाखतीत विचारणार असतील तर घोकंपट्टी नको. एक दिवस दवाखान्यात येऊन बसा. काय करते ते बघा." अट वाटावी इतका जोर त्यांच्या आवाजात नव्हता. बिवलकर कबूल झाले. शनिवारी मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण असा प्रयोग मी चुकवणार नव्हतो.

आत टेबलावर म्हात्रे बसले होते. जासई गावचे. यांची ओळख करून देताना माझी छाती भरून येते. साठी उलटलेले, दणकट, गळ्यात बोटभर सोन्याची साखळी, बोटांत अंगठ्या, पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. खाली त्यांची जीप आणि जीपमध्ये कायम दोन-तीन नातेवाईक. गावाजवळ मोठं बंदर आलं तशी त्यांची जमीन कंटेनर ठेवायला गेली आणि म्हात्र्यांचे ट्रेलर धावायला लागले. पण पाय जुनेच राहिले होते. तरुणपणी मिठागरात अनवाणी उभं राहून त्यांच्या टाचांना ज्या भेगा पडल्या त्यांत नंतरच्या कुठल्याच श्रीमंतीला शिरता आलं नव्हतं. काळ्या, रुंद, उन्हाने दगड तडकावा तशा. आता उजव्या टाचेत कळ यायची, तेव्हा मालतीबाई आठवड्यातून दोनदा ती रगडत. ते त्यांना 'बाय' म्हणत. आपल्या लेकीला म्हणतात तसं.

"ह्यो तुजा नवरा काय, बाय?" ते गरजले. "ये जावय, बस. पाय हाय, नाग नाय."

जावई म्हटल्याबरोबर बिवलकर अर्धे गारद झाले. ते भिंतीला न टेकता उभे राहिले. मालतीबाईंनी स्टूल ओढलं, मांडीवर टॉवेल घेतला, आणि म्हात्र्यांची टाच दोन्ही तळव्यांत धरली. मग अंगठे रोवून त्या दाबू लागल्या. म्हात्रे सुखाने कण्हले. टाचेवरच्या मेलेल्या कातडीचा एक पापुद्रा सुटला आणि टॉवेलवर पडला. मालतीबाईंनी तो सहज, आपण साडीवरचं शीत झटकावं तसा, बोटाने बाजूला केला.

बिवलकर बाहेर धावले.

दवाखान्याच्या इमारतीतही जिन्यात टाइल्स होत्या. तिथल्या कमिटीनेही देवांना कामाला लावलं होतं. मी बाहेर पोचलो तेव्हा श्री. दत्तात्रय विष्णू बिवलकर कोपऱ्यात वाकले होते आणि त्यांनी जिन्यात कधी कुणी घातली नसेल इतकी घाण घातली होती. वीतभर अंतर राखण्याची श्रद्धाही त्यांना जमली नव्हती. थेट गणपतीवर. त्यांच्या दोन्ही हातांत दोन रुमाल होते आणि आता कुठला कुणाचा हे सांगता येत नव्हतं.

म्हात्रे लंगडत दारापर्यंत आले. "होतंय, जावय. मी पयल्यांदी होडीत बसलो तवा मना बी असाच झालता. लाजू नको." खालून नातेवाईक काय झालं म्हणून विचारत होते. त्यांना म्हात्र्यांनी सविस्तर सांगितलं.

मालतीबाई बादली घेऊन आल्या. मी पुढे झालो तर नको म्हणाल्या. त्यांनी पाणी ओतलं, फिनेल टाकलं, वाकून हातांनी फडकं फिरवलं, टाइल वेगळ्या पाण्याने पुसली. घाई नाही, आदळआपट नाही. सगळं निर्मळ झाल्यावर त्या सरळ उभ्या राहिल्या आणि दोन्ही ओले हात नवऱ्यासमोर धरून म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं मी बाहेर हात धुऊन घरात आले. आज तुमची ओकारी याच हातांनी काढली. आता हे कुठे धुऊ सांगा."

बिवलकरांनी दोन्ही रुमाल एकाच खिशात कोंबले.

"अर्जावर मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या. "ज्या हातांमुळे तुम्हाला कॅनडा मिळायचा, ते तुम्हाला घरात चालत नाहीत. तिकडे तरी काय, दाराबाहेर बादली ठेवणार? बर्फात?" आणि त्या म्हात्र्यांची उरलेली टाच पूर्ण करायला आत गेल्या.

पुढचे काही आठवडे आमच्या मजल्यावर शांतता होती. मालतीबाई संध्याकाळी येत. "हात!" ऐकू येत नसे. बादली होती, पण त्या स्वतःहून धूत. आत काय बोलणं होई कळत नव्हतं. खाडीचा वारा आला तरी खिडक्या वाजत नसत. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "बिवलकर, आज खेकडा आहे." ते म्हणाले, "असेल." माझ्या आयुष्यात यापेक्षा भीतिदायक शब्द मी ऐकलेला नाही. हा माणूस किळस न येता कसा जगणार? दिवस जात होते आणि मालतीबाईंचा वाढदिवस जवळ येत होता. तो उलटला की कॅनडा संपला, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अरविंदचा फोन आला, तो अजून तयार होता. बिवलकरांनी फोन बायकोकडे दिला.

मग एका शनिवारी सकाळी माझी बेल वाजली. दार उघडलं तर बिवलकर. बेल किल्लीने दाबली की बोटाने ते मला दिसलं नाही. "गुप्ते, स्कूटर काढा."

आम्ही पोचलो तेव्हा म्हात्रे टेबलावर होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि लहान मुलासारखे खूश झाले. "आला रं जावय! बाय, बादली भरून ठेव."

बिवलकर बायकोला म्हणाले, "मी धरतो."

मालतीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग उठून स्टूल मोकळं केलं.

बिवलकर बसले. त्यांनी निळ्या काठाचा रुमाल काढला आणि हातावर पसरायला लागले. मालतीबाई नुसत्या बघत राहिल्या. बिवलकरांनी रुमालाची घडी घातली आणि परत खिशात ठेवला. मग डोळे मिटले, सर्वांत वरच्या पायरीवर चढले, आणि तिथून दोन्ही हात पुढे करून म्हात्र्यांची टाच धरली.

"अरं सोर, सोर!" म्हात्रे किंचाळले. "गुदगुल्या होतान! बाय, याचा हात बायकांपेक्षा मऊ हाय! यानं जल्मात काय काम केलंय का नाय?"

"हलू नका," बिवलकर डोळे मिटूनच ओरडले. "शी! हलू नका म्हणतो ना! किती भेगा आहेत! काय तुडवत होतात?"

"मीठ," म्हात्रे म्हणाले. "जिथं आता कंटेनर हायेत ना, तिथं. तुमचे कॅनडाचा सामान बी तिथूनच जानार."

बिवलकर दाबत होते. ओठ घट्ट, कपाळावर घाम, आणि पुसायला हात मोकळा नाही. मी त्यांच्या चेहऱ्यावर पहिली, दुसरी, तिसरी, सगळ्या पायऱ्या येता-जाता पाहिल्या. मग त्यांनी डोळे उघडले. "इथे काहीतरी आहे. गाठीसारखं."

मालतीबाई वाकल्या. त्यांनी नवऱ्याच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि दोन्ही अंगठे मिळून खाली दाबले. "हो," त्या म्हणाल्या. "तीच. हळूहळू, वरून खाली." दवाखान्यातला हात न धुता बिवलकरांच्या हाताला लागायची ती पहिलीच वेळ असावी. दोघांपैकी कुणी तसं काही दाखवलं नाही. मी मात्र भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघू लागलो. काही दृश्यांना प्रेक्षक नको असतात, एवढं मलाही कळतं.

चमत्कार वगैरे झाला नाही, हे इथे नमूद करतो. त्यानंतर बिवलकर बेसिनपाशी इतका वेळ उभे होते की साबणाच्या वडीचा चतकोर उरला. घरी येईपर्यंत ते स्वतःच्या हातांचा वास घेत होते आणि "ओंगळ, ओंगळ" म्हणत होते. मला फार बरं वाटलं. माणूस परत आला होता.

मालतीबाईंनी सही केली. अर्ज वाढदिवसाच्या आत गेला. मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारलं, तुमची पत्नी नेमकं काय काम करते? बिवलकरांनी म्हात्र्यांच्या टाचेचं असं तपशीलवार वर्णन केलं म्हणे, की अधिकाऱ्याने पाण्याचा ग्लास मागवला. मग त्याने विचारलं, आणि तुम्ही तिकडे काय करणार? बिवलकर म्हणाले, "ही काम करील. मी घर स्वच्छ ठेवीन." मालतीबाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या डोळे पुसेपर्यंत हसत होत्या.

व्हिसा आला. नोटीस बोर्डावरचा जुना कागद बिवलकरांनी स्वतः काढला. त्याच सकाळी कोपऱ्यात नवी पिचकारी होती. आवडीप्रमाणे करायला लोकांनी सुरुवात केली होती.

त्यांना शेवटचं पाहिलं ते सहार विमानतळाबाहेर. सकाळचं विमान होतं. आम्ही दोघं नवरा-बायको गेलो होतो. इतक्यात जीप आली आणि तिच्यातून म्हात्रे आणि जीपमध्ये मावतील त्याच्या दुप्पट माणसं उतरली. "लेक परदेशी चालली, बापाने नाय यायचं?" म्हात्रे आता लंगडत नव्हते. मालतीबाईंनी त्यांच्या पायांना हात लावला. म्हात्र्यांचे डोळे भरले. मग त्यांनी पुतण्याच्या हातातून स्टीलचा डबा घेतला. दही-साखर. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर घालतात ते.

चमचा आणायचा राहिला होता.

"चमचा कशाला?" म्हात्रे म्हणाले. त्यांनी डब्यात तीन बोटं घातली, अंगठ्यांसकट, आणि दह्याचा गोळा मालतीबाईंच्या तळव्यावर ठेवला. मालतीबाईंनी तो तोंडात टाकला. मग म्हात्रे थांबले. त्यांची टाच खाजली. त्यांनी वाकून ती दोन वेळा कराकरा खाजवली, त्याच बोटांनी, आणि तीच बोटं पुन्हा डब्यात घातली.

"जावय, हात."

नको म्हणणं म्हणजे अपशकुन आणि अपमान दोन्ही. दही घेऊन न खाणं त्याहून वाईट. बिवलकरांचा डावा हात डाव्या खिशाकडे गेला, तिथून उजव्या खिशाकडे गेला, आणि रिकामाच परत आला. उजवा तळवा त्यांनी पुढे केला. त्यावर दही पडलं. त्यांनी एकदा मालतीबाईंकडे बघितलं. त्या आपला तळवा अजून चाटत होत्या. बिवलकरांनी डोळे मिटले, जीभ बाहेर काढली आणि सगळं एका दमात गिळलं.

मग डोळे उघडून, आत जाणाऱ्या रांगेतली माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने, ते ओरडले, "शी! साखर कमी आहे!"